त्यांनी न मारलेला गोल

माझं काम चुका शोधण्याचं. सॉफ्टवेअर तपासायचं, चूक सापडली की ती कुठे आहे, कशी घडते, पुरावा काय आणि गंभीर किती, हे सगळं रीतसर नोंदवायचं. वीस वर्षं हेच करतेय, आधी पुण्यात, मग सिडनीत. दुसऱ्याच्या चुका धरण्याचा पगार मिळायला लागला की माणूस जरा शेफारतो. मीही शेफारले होते. म्हणून क्वेकर्स हिलमधल्या आमच्या शेजाऱ्यांनी जेव्हा स्वतःच्या आयुष्यातली एक चूक मला दुरुस्त करायला सांगितली, तेव्हा मी तिच्यापुढे ‘किरकोळ’ असा शेरा लिहिला. खरोखर लिहिला. माझ्या यादीत तो अजून आहे.

शेजारी मूळचे रुमानियाचे. सत्तरी ओलांडलेले, बायको वारलेली, घरात एकटेच. तीन वर्षं शेजारी राहून आमचं बोलणं ‘हाउ यू गोइंग’च्या पुढे गेलं नव्हतं. ते गेलं लॉकडाऊनमध्ये, दुसऱ्या हिवाळ्यात, जेव्हा आमच्या भागाला बाकी सिडनीपेक्षा कडक नियम लावले होते. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही. नवरा वेस्टमीडच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. तो सकाळी अंधारात जायचा, आला की थेट बाथरूममध्ये, मग पलीकडच्या खोलीत. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसलेली. सकाळी अकराची प्रेस कॉन्फरन्स झाली की दिवसभरात माणसाचा आवाज म्हणजे ऑफिसच्या मीटिंगमधला.

एके दिवशी कपडे वाळत घालताना पत्र्याच्या कुंपणावरून लिंबांची पिशवी खाली आली. पाठोपाठ टोपी दिसली, मास्क दिसला. त्यांच्या झाडाला उदंड लिंबं लागली होती. मी दुसऱ्या दिवशी स्टीलच्या डब्यात थालीपीठं घालून वर सरकवली. दोन दिवसांनी डबा परत आला तो धुऊन, पुसून आणि रिकामा. ते संकोचले होते; काहीतरी द्यायला हवं का, असं त्यांनी विचारलं. मी हसून म्हटलं, तसं काही नाही, पण आमच्याकडे शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत करत नाहीत. काहीच नसलं घरात तर चिमूटभर साखर घालतात.

आता हे सांगायची गरज होती का? नव्हती. पण आपल्याकडची रीत परक्या माणसाला सांगताना अंगात येतंच. त्यांनी ते फार मनावर घेतलं. त्यानंतर डबा कधी रिकामा आला नाही. भाजलेली वांगी आणि लाल मिरच्या वाटून केलेलं काहीतरी यायचं, कधी अक्रोड, एकदा तर खरंच नुसती साखर, वर कागदाची घडी आणि त्यावर ‘सॉरी’.

ते फुटबॉल खेळलेले आहेत हे मला कुणी सांगितलं नाही, दिसलं. माझं माहेर कोल्हापूर. तिथे तालमीत कुस्ती शिकवतात आणि त्याच तालमीच्या नावाने फुटबॉलची टीम उतरते. पेठेविरुद्ध पेठ मॅच असली की सख्खे मेहुणे आठवडाभर बोलत नाहीत. माझे काका आमच्या तालमीचे हाफबॅक होते आणि मी त्यांच्या खांद्यावर बसून मॅचेस बघितल्यात. तर एकदा वरच्या खिडकीतून मला हे गृहस्थ अंगणात गुडघ्याचा व्यायाम करताना दिसले. बॉल भिंतीवर आपटून परत आला आणि त्यांनी तो तळव्याखाली असा थांबवला, की बॉलला जणू तिथंच थांबायचं होतं. मी खिडकीतूनच ओरडून विचारलं, “अंकल, फॉरवर्ड होता का?”

त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, “सेंटर फॉरवर्ड.” जरा दुखावल्यासारखे म्हणाले. ‘होता का’ हे काय विचारणं, असं.

तेव्हापासून दुपारी चारचा चहा मी मागच्या पायरीवर घ्यायला लागले. ते पलीकडे दुधाच्या क्रेटवर उभे राहायचे, चांगल्या पायावर भार देऊन. त्यांचं इंग्लिश जेमतेम, वाक्यं तुटकी, पण सांगणं एकदम स्वच्छ. काय घडलं तेवढंच सांगायचे, कसं वाटलं ते नाही.

डॅन्यूबकाठच्या गावात जन्म. वडील बंदरावर हमाली करायचे. सोळाव्या वर्षी कारखान्याच्या टीममध्ये घेतलं. कागदोपत्री ते लेथ चालवणारे कामगार होते. सकाळी कारखान्यात सही करायची आणि मैदानावर जायचं. लेथला मी एकदाही हात लावला नाही, पण उत्तम कामगार म्हणून बिल्ला मिळाला, हे ते हसून सांगायचे. मग वरच्या डिव्हिजनमधला एक बारका क्लब, तिथे काही सीझन. पुढे राजधानीतला मोठा क्लब, परदेश दौरा, आणि त्या दौऱ्यात व्हिएन्नामध्ये एका सकाळी ते हॉटेलातून चालत बाहेर पडले ते परत गेलेच नाहीत. बॅगेत फक्त बूट. निर्वासितांच्या छावणीत वर्षभर, मग ऑस्ट्रेलिया. इथे आठवडाभर रेल्वेच्या डब्यांचं वेल्डिंग आणि रविवारी मायदेशातून आलेल्या लोकांच्या क्लबकडून मॅच. बारक्या क्लबात असल्यापासून दुखणारा त्यांचा गुडघा तिथे कायमचा गेला. खेळाडू म्हणून सगळी कारकीर्द एवढीच. इंटरनेटवरच्या फुकटच्या ज्ञानकोशात त्यांच्यावर एक छोटं पान होतं. तरुणपणीचा फोटो, क्लबांची नावं, जन्मगाव आणि एका गोलाबद्दल एक वाक्य.

त्या वाक्यातच चूक होती.

बारक्या क्लबाची सीझनमधली शेवटची मॅच. हरले किंवा बरोबरी झाली तर खालच्या डिव्हिजनला जाणार. अगदी शेवटी डावीकडून त्यांच्या विंगरने लांबून शॉट घेतला. हा विंगर त्यांचा मित्र, कारखान्याच्या टीमपासूनचा. दोघं एका खोलीत राहायचे. बॉल गोलमध्ये शिरत असताना हे घसरत लाइनवर पोचले. पाय पुढे होता. “पण लागला नाही,” ते म्हणाले. “एवढं अंतर होतं.” आणि कुंपणावरून त्यांनी बोटं दाखवली, दोन बोटं मावतील एवढी फट. रेफ्रीने गोल यांच्या नावावर लिहिला, रेडिओवर यांचं नाव ओरडलं गेलं, लोक मैदानात घुसले आणि यांनी हात वर केले. बस्स. त्या गोलामुळे मोठ्या क्लबाने बोलावलं. मोठ्या क्लबामुळे दौरा मिळाला. दौऱ्यामुळे व्हिएन्ना आणि पुढचं सगळं. मित्र मागे राहिला. हे पळाल्यावर त्याची चौकशी झाली, परदेशी जाणाऱ्या टीममध्ये त्याला पुन्हा कधी घेतलं नाही आणि तो खरोखर लेथवर गेला.

मी काकांबद्दल सांगितलं. काका म्हणायचे, गोल माझा नाही म्हणणारा फॉरवर्ड अजून जन्माला यायचाय. अंकल खूप हसले. हसून झाल्यावर म्हणाले, “तू कॉम्प्युटरवाली आहेस ना. ते वाक्य बदलून दे. तिथे त्याचं नाव घाल.”

का, ते मी विचारलं. तेवढं तरी विचारलं. वर्षभरापूर्वी त्या मित्राच्या मुलीने यांना शोधून काढलं होतं, इथल्या क्लबाच्या पानावरून. तिने मेसेज पाठवला होता, फोन नंबरही दिला होता. यांनी अजून उत्तर दिलेलं नव्हतं. तिने लिहिलं होतं, बाबा रोज तुमचं ते पान उघडून बसतात. चाळीस वर्षांनी बोलायचं तर आधी ती चूक निस्तरायला हवी, असं यांचं म्हणणं.

“रिकाम्या हाताने कसा फोन करू?” ते म्हणाले. “तूच सांगितलंस ना, डबा रिकामा परत करत नाहीत.”

आणि मला काय वाटलं असेल? मला अभिमान वाटला. आपली रीत एका परदेशी म्हाताऱ्याला इतकी नेमकी कळली, याचं मला कौतुक वाटलं. मी मान डोलावली. बरोबर आहे तुमचं, मी म्हणाले. आठवडाभरात करते, नो वरीज.

एका संध्याकाळी मी वाक्य बदललं. दुसऱ्या सकाळी ते परत पहिल्यासारखं झालं होतं. कुणा स्वयंसेवकाने खाली लिहिलं होतं, छापील पुरावा द्या. मला राग यायला हवा होता. उलट मला बरं वाटलं. माझ्याच जातकुळीतला माणूस! मीही रोज डेव्हलपर लोकांना हेच सुनावते की पुराव्याशिवाय बोलू नका. अंकलना मी सांगितलं की तुमच्या शब्दाला पुरावा धरत नाहीत. ते गोंधळले. म्हणाले, पण मी स्वतः सांगतोय. मी त्यांना समजावलं. शांतपणे, पायऱ्या पायऱ्यांनी, नव्या पोरांना समजावते तसं. आता आठवलं की माझ्याच आवाजाचा मला वैताग येतो.

मग मी ते रीतसर हाती घेतलं. माझ्या कामांच्या यादीत एक ओळ घातली: गोल, नावात दुरुस्ती, गंभीरता किरकोळ. त्या बारक्या क्लबाच्या गावातल्या ग्रंथालयाला मेल लिहिली, भाषांतर करून, की अमुक वर्षीच्या स्थानिक पेपरातला त्या मॅचचा वृत्तांत मिळेल का. उत्तर नाही. दोन आठवड्यांनी आठवण. एक ओळ आली: साथीमुळे ग्रंथालय बंद आहे. मी यादीत लिहिलं, ‘समोरच्यांकडून उत्तराची वाट’. त्यातच आमच्या ऑफिसचं मोठं काम लाइव्ह जायचं होतं. चारचा चहा मी कधी टेबलावरच प्यायला लागले.

कुंपणापाशी भेट झाली की ते विचारायचे, “होईल ना लवकर?” पूर्वी दोन-चार दिवसांनी विचारायचे, सप्टेंबरात रोज विचारू लागले. म्हातारपणी घाई होते माणसाला, असं मी नवऱ्याला म्हटल्याचं आठवतं. रुमानियात तेव्हा साथीने कहर मांडला होता. बातम्यांत हॉस्पिटलांच्या बाहेर लागलेल्या रांगा मी स्वतः बघितल्या, पोळी लाटता लाटता बघितल्या. कुंपणापलीकडचा माणूस त्याच देशाचा आहे आणि त्याचा मित्र त्याच रांगेत असू शकतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. चुका शोधण्यात मी हुशार म्हणवते!

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते क्रेटवर उभे राहिले. मीच म्हटलं, अंकल, अजून उत्तर नाही आलं हं. ते म्हणाले, राहू दे. मित्र पाच दिवसांपूर्वी गेला. तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये होता. मुलीने कळवलं होतं, तेव्हाही आणि आताही. तीन आठवडे त्यांना माहीत होतं आणि ते मला एवढंच विचारत होते की होईल ना लवकर.

मी “सॉरी” म्हणाले. ते म्हणाले, “तू प्रयत्न केलास.” हे ते मनापासून म्हणाले आणि म्हणूनच मला तिथे उभं राहवेना.

संध्याकाळी नवरा आला, आंघोळ करून दाराआडच्या खोलीत बसला. मी बाहेर जमिनीवर बसून त्याला सगळं सांगितलं. मुलीचा नंबर, पुरावा, ग्रंथालय, सगळं. त्याचा आवाज दिवसभराच्या शिफ्टने घोगरा झालेला. तो म्हणाला, “अगं, पण नंबर होता ना? तू सरळ व्हिडिओ कॉल का नाही लावून दिलास? पाच मिनिटांचं तर काम होतं.”

मी म्हटलं, त्यांना आधी पान दुरुस्त करायचं होतं, रिकाम्या हाताने बोलायचं नव्हतं.

“बरं,” तो म्हणाला. मग म्हणाला, “आमच्याकडे हल्ली नर्स लोक पेशंटच्या कानाला फोन धरून उभे असतात. कुणी काही आणत नाही गं. नुसतं बोलतात.”

मी हिशेब केला. इथले दुपारचे चार म्हणजे तिकडे सकाळचे नऊ. माणूस उठलेला असतो, चहा-कॉफी झालेली असते. फोन करायला याहून चांगली वेळ नाही. त्याच वेळी रोज आम्ही दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना उभं राहून पुराव्याबद्दल बोलत होतो. माझा मोबाइल चहाच्या कपाशेजारी पडलेला असायचा. त्या रात्रीच नाही, पुढे कितीतरी दिवस मला त्या मोबाइलचा राग येत राहिला, म्हणजे स्वतःचाच.

आठवड्याभराने आमच्या भागातले निर्बंध उठले. लोक रांगा लावून केस कापायला गेले. आणि त्याच आठवड्यात, मी विसरलेली असताना, ग्रंथालयाची मेल आली. सोबत पिवळ्या पडलेल्या पानाचा फोटो. कुणा बाईंनी बंद इमारतीत जाऊन शोधून काढलं होतं. मी भाषांतर करून वाचलं. देशभरच्या पेपरांनी काहीही छापलं असेल, गावच्या पेपराच्या बातमीदाराने स्वच्छ लिहिलं होतं: गोल डाव्या विंगरचा, सेंटर फॉरवर्ड लाइनवर पोचला, पण बॉलला त्याचा पाय लागला नाही.

मी पुराव्यासकट वाक्य बदललं. या वेळी कुणी हरकत घेतली नाही. यादीतल्या ओळीपुढे ‘पूर्ण’ लिहायचं होतं, ते माझ्या हातून झालं नाही.

तो कागद मी छापला, घडी केली. बेसनाचे लाडू वळले होते, ते डब्यात भरले आणि वर कागद ठेवला. आता जायला परवानगी होती, तरी मी त्यांच्या दाराशी गेले नाही. कुंपणावरूनच डबा दिला. मी घाबरले होते, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमची बेल वाजली. तीन वर्षांत आणि त्या सगळ्या महिन्यांत ते पहिल्यांदा आमच्या दारात उभे होते. मला वाटलं होतं त्याहून बुटके निघाले. क्रेटशिवाय मी त्यांना जवळून पाहिलंच नव्हतं. आत या म्हटलं, तर गुडघ्याकडे बोट दाखवून नको म्हणाले. कागद त्यांनी वाचला होता.

“हा पेपर तो रोज वाचायचा,” ते म्हणाले. “म्हणजे त्याने दुसऱ्याच दिवशी वाचलं असणार. आम्ही एका खोलीत राहत होतो. मला कधी बोलला नाही.”

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि वर्षभरापूर्वीचा तो मुलीचा पहिला मेसेज माझ्यापुढे धरला. ज्याच्यावरून एवढं सगळं झालं, तो मेसेज मी कधी बघायला मागितला नव्हता. मी टेस्टर, पण मूळ कागद मागितला नव्हता. माझ्या मोबाइलवर भाषांतर करून वाचला. चार ओळींचा होता. बाबा रोज तुमचं पान बघतात. तुमच्या तरुणपणीचा फोटो त्यांना आवडतो. त्यांनी विचारलंय, गुडघा कसा आहे. जमलं तर एकदा फोन करा, त्यांना आवाज ऐकायचाय.

गोलाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

मी फोन परत दिला. त्यांनी डबा पुढे केला. मी घेतला आणि हाताला कळलंच, हलका होता. धुऊन, पुसून, झाकण लावून आणलेला.

“आज रिकामा आहे,” ते म्हणाले. “चालतं का?”

मी म्हटलं, “चालतं, अंकल.”

ते जायला वळले, एक पायरी उतरले, कठड्याला धरून थांबले. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, “तेव्हाही चाललं असतं?”

आमच्याकडे आजारी माणसाला बघायला जाताना कुणी हातात काय आहे ते बघत नाही. निरोप आला की आहे तसं निघतात, अंगावरच्या कपड्यांनी. हे मला लहानपणापासून माहीत होतं आणि ही रीत मी त्यांना सांगितली नव्हती. मी हो म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि सावकाश, एक पाय ओढत, आपल्या घराकडे गेले.